दोन मोठे इग्वाना दुसऱ्या घरी द्यायचे आहेत: खानापूर, अथणी की कोल्हापूर?

शहापूर_बेळगाव:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे बेळगावात दोन हिरवे इग्वाना (पाला खाणारे मोठे सरडे) आहेत. दोघंही सहा वर्षांचे. नर शेपटीसकट साडेचार फूट, वजन साडेचार किलो. मादी पावणेचार फूट, अडीच किलो. दोघांची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी २०२४ सालीच झालेली आहे. घर परदेशी हलणार असल्यामुळे मार्चअखेर दोघांची सोय लावायची आहे.

तीन ठिकाणांहून विचारणा आली आहे. खानापूरच्या पुढे जांबोटी रस्त्याला एक शेतघर आहे, जागा भरपूर. अथणीत एक कॉलेजचा मुलगा आहे, भाड्याच्या खोलीत राहतो, पण अभ्यास बराच केलेला दिसतो. तिसरं कोल्हापुरातलं कुटुंब. त्यांनी आधी बिअर्डेड ड्रॅगन (एक विदेशी सरडा) पाळलेला आहे, घरात चार वर्षांचं मूल आहे.

कोणाला द्यावं? जोडी फोडली तर चालेल का? कोल्हापूर म्हणजे महाराष्ट्र, मग कागदांचं काय? आणि बेळगावजवळचं भुतरामहट्टीचं प्राणिसंग्रहालय घेईल का?

कागद_आधी:

नोंदणी झालेली आहे हे फार चांगलं. नसती तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात जा असंच सांगितलं असतं. बिनकागदाचा प्राणी घेणाऱ्याच्या गळ्यात तीच अडचण जाते.

"विदेशी प्राण्याला परवाना लागत नाही" ही जुनी गोष्ट झाली, पण लोक अजून तेच धरून बसलेत. हिरवा इग्वाना साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि या करारातले प्राणी तिच्यामुळे अनुसूची ४ मध्ये आले. नोंदणीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ चे. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती; त्यानंतर ज्याच्या ताब्यात प्राणी येईल त्यानं ३० दिवसांत परिवेशवर अर्ज करायचा. निळा, लाल, पांढरा असा रंगाचा प्रकार असला तरी जात तीच, नियमही तोच.

आता सीमेचा प्रश्न. नोंदणी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे होते. तुमची कर्नाटकची, म्हणजे बेंगळुरूच्या कार्यालयाकडे. कोल्हापूरला प्राणी गेला की तो महाराष्ट्राच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या, म्हणजे नागपूरच्या कक्षेत जातो. आपल्याकडे माणसं सकाळी चंदगडहून निघून दुपारचा बाजार बेळगावात करतात, त्यामुळे ही रेघ कुणाला जाणवत नाही. पण इथे माणूस कुठला याला महत्त्व नाही, प्राणी कुठे राहणार त्याला आहे. चंदगडचा माणूस बेळगावच्या घरात ठेवणार असेल तर कर्नाटक. बेळगावचा माणूस शिनोळीच्या शेडमध्ये ठेवणार असेल तर महाराष्ट्र. कोल्हापूर ठरलं तर दोन्हीकडच्या वनखात्याला आधी लेखी कळवा, पोच घ्या, ताबा बदलल्याचा अर्ज पोर्टलवर भरा, आणि मगच गाडीत ठेवा. आधी नेऊ, नंतर बघू असं करू नका.

सोबत द्यायची फाईल अशी: नोंदणीची प्रत, तुमचं आणि घेणाऱ्याचं सहीचं हस्तांतरपत्र (तारीख, पत्ता, दोघांची ओळखपत्रं), जनावरांच्या डॉक्टरांचं ताजं प्रमाणपत्र, आणि प्रत्येकाचे ओळख पटेल असे फोटो. डोक्याच्या दोन्ही बाजू घ्या. कानाच्या खाली जो मोठा गोल खवला असतो, त्याच्याभोवतीच्या खवल्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते. शेपटीवर जुना तुटल्याचा डाग असेल तर तोही घ्या.

ही फाईल गाडीत हाताशी पाहिजे. कोगनोळी नाक्यावर कुणी डबा उघडायला लावला तर बघणाऱ्याला ती घोरपडच वाटणार, आणि घोरपड अनुसूची १ ची, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेली. कागद नसेल तर तिथं समजावत बसणं कठीण आहे. घोरपड समजून तेल-मांसासाठी विचारणारेही असतात, म्हणून येणाऱ्या फोनांवरही कान ठेवा. "तेल निघतं का", "किती किलो भरतो" असं कुणी विचारलं की तिथंच फोन ठेवा.

भुतरामहट्टीला लेखी अर्ज करून बघायला हरकत नाही, पण भरवसा ठेवू नका. प्राणिसंग्रहालयं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेनं, ठरलेल्या आराखड्याप्रमाणे प्राणी ठेवतात. घरचा पाळीव प्राणी घ्यायला ती बांधील नाहीत. आणि विक्रीची जाहिरात कुठेही टाकू नका. पैसे घेण्यापेक्षा घेणाऱ्याला स्वतःच्या खर्चानं पिंजरा उभा करायला सांगा. ज्याला खरंच पाळायचं आहे तो करतो.

ऊन_आणि_जाळी:

वरच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. पिंजरा आधी, प्राणी नंतर. पिंजरा तयार होऊन, दिवे लावून, आठवडाभराचं तापमान लिहून काढल्याशिवाय प्राणी हलवू नका.

तुमची तिन्ही ठिकाणं हवामानानं अगदी वेगळी आहेत, आणि निर्णय खरं तर तिथंच होतो. इग्वानाला बसायच्या जागी पृष्ठभाग ३५ ते ३८ अंश लागतो, पिंजऱ्यात इतरत्र २६ ते ३२, रात्री २३-२४ च्या खाली नको. हवेत दमटपणा ६५-७५ टक्के. तो पाला खातो आणि तो पाला आतड्याच्या मागच्या भागात जिवाणूंकडून आंबवून पचवतो. अंग तापलं नाही तर हे आंबवणं थांबतं आणि पोटातलं अन्न तसंच राहून कुजतं. "खातोय पण वाळतोय" अशी तक्रार येते तिथं बहुतेक वेळा उष्णता कमी पडलेली असते.

अथणीकडे ऊन मुबलक, पण हवा कोरडी आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकणारी. कोरड्या हवेत कात नीट सुटत नाही. बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर जुन्या कातीचं कडं आवळून बसतं, रक्त अडतं, टोक काळं पडून गळतं. त्याहून वाईट म्हणजे अंगातलं पाणी सतत कमी राहिलं की मूत्रपिंडं जातात, आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पत्र्याखालच्या खोलीत तर उष्माघातही होईल. मुलगा अभ्यासू आहे हे खरं, पण भाड्याची खोली, पुढं नोकरी, बदली. तुमचे प्राणी सहा वर्षांचे आहेत, चांगलं ठेवलं तर अजून दहा-बारा वर्षं जगतील. एवढा काळ त्याच्याकडे एक जागा राहील का, हे त्यालाच सरळ विचारा. माझ्या मते अथणी नको.

जांबोटी रस्ता उलट टोकाचा. दमटपणा आहे, जागा आहे, पण जून ते सप्टेंबर ऊन दिसत नाही आणि लाईट जाते. सूर्य नाही म्हणजे यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) नाही, यूव्हीबी नाही म्हणजे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, मग कितीही कॅल्शियम द्या, शरीर हाडांतलंच काढून वापरतं. जबडा मऊ पडतो, मांड्या फुगल्यासारख्या दिसतात, बोटं थरथरतात. म्हणून शेतघर असलं तरी ट्यूब लागतेच: टी५ प्रकारची (बारीक नळीची), १० ते १२ टक्के यूव्हीबीची, बसायच्या फांदीपासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर, रोज १०-१२ तास. ट्यूब आणि पाठ यांच्यात काच किंवा पॉलिकार्बोनेट अजिबात नको, त्यातून यूव्हीबी जवळजवळ जातच नाही. खिडकीच्या काचेआड उन्हात बसवून काही उपयोग नाही तोही याच कारणानं. जाळी मध्ये आली तरी बराच भाग कमी होतो. ट्यूब प्रकाश देत राहते पण यूव्हीबी घटत जातं, म्हणून बारा महिन्यांनी बदलायची.

रात्रीच्या उबेसाठी १०० ते १५० वॅटचा सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅटवर, आणि त्याला बाहेरून जाळीचं कडं. इग्वाना हीटरला बिलगतो आणि चामडी जळेपर्यंत हलत नाही. तापणारे दगड त्यामुळेच नकोत, पोट भाजतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे खानापूर भागात पारा १२-१४ वर येतो, त्यामुळे हीटर इन्व्हर्टरवर पाहिजे. घरातली नेहमीची १५० एएच बॅटरी १५० वॅटचा हीटर सात-आठ तास ओढते, तेही त्यावर दुसरं काही नसेल तर. फ्रिज आणि पंखे त्याच इन्व्हर्टरवर असतील तर ते गणित विसरा.

पिंजरा एका प्राण्याला निदान ८ फूट लांब, ४ फूट रुंद, ६ ते ७ फूट उंच. फॅब्रिकेटरकडून एक इंची चौकोनी पाईपची चौकट करून घ्या, त्याला प्लास्टिकचा थर असलेली अर्धा-इंची वेल्डमेश. कोंबड्यांची षटकोनी जाळी नको, नखं अडकून उपटतात आणि नाक घासून तोंडाला जखमा होतात. मागची बाजू आणि पश्चिमेची बाजू, जिकडून पाऊस मारतो, ती पीव्हीसी शीटनं बंद. फांद्या प्राण्याच्या अंगाएवढ्या जाड, आडव्या, भिंतीला बोल्टनं घट्ट. आंबा, पेरू, जांभूळ चालतं. कण्हेर आणि घाणेरी आसपासही नको. अंगभर बुडेल असा पाण्याचा टब पाहिजे. बहुतेक जण त्यातच हगतात, म्हणून पाणी रोज बदलायचं.

निपाणीकडून कुणी विचारलंच तर एक बघा: तंबाखूची वखार किंवा शेड घराला लागून असेल तर ती जागा बाद करा. निकोटिनची धूळ पाल्यावर, पाण्यावर बसते.

कोल्हापूर हवामानानं मधलं आहे, म्हणून मला तेच जास्त पटतं. फक्त मुलाचा प्रश्न आहे.

शहापूर_बेळगाव:

फार उपयोगी माहिती. दोन गोष्टी राहिल्या. मादी गेले आठ-दहा दिवस पिंजऱ्याचा कोपरा सारखा उकरते, खाणं निम्म्यावर आलं आहे. आणि नात्यातल्या एकांचं म्हणणं असं की गोव्यात त्यांची बागायत आहे, तिथं झाडांवर सोडून द्या, मोकळे राहतील.

चिकोडी_व्हेट:

उकरणं आणि खाणं कमी होणं, तेही थंडीच्या सुरुवातीला: अंडी आहेत असंच धरून चाला. नराशी संबंध न येताही मादी अंडी धरते, आणि संख्या वीसपासून सत्तरपर्यंत असू शकते. आधी दोघांना वेगळं करा, आजच. याच दिवसांत नर नारिंगी झाक धरतो, मान डोलावतो, मादीच्या मानेला चावून धरतो. एरवी शांत असणारा नर या दोन-तीन महिन्यांत माणसावरही येतो. सहा वर्षांच्या नराच्या चाव्याला टाके पडतात, आणि शेपटीचा फटका डोळ्याला लागू शकतो. बघायला येणाऱ्यांना हे आधी सांगा. नराच्या या दिवसांतल्या रूपाला घाबरून कुणी मागे सरलं तर बरंच झालं, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात प्राणी तुमच्याकडे परत आला असता.

जोडी फोडण्याचं दुःख करू नका. इग्वानाला जोडीदाराचा लळा नसतो. एका पिंजऱ्यात दोघं असले की चांगली फांदी आणि ऊन नर अडवतो आणि मादी थंडीत राहते. शिवाय दोघं एकत्र गेले की अंड्यांतून पिल्लं येणार, आणि अनुसूचीतल्या प्राण्यांचं प्रजनन करायला २०२३ च्या नियमांप्रमाणे वेगळा परवाना लागतो. तेव्हा दोन घरं बघा.

मादीला अंडी घालायला पेटी द्या: तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल, झाकणासह, एका टोकाला शिरायला भोक. आत एक फूट थर निम्मी वाळू निम्मी माती, मुठीत दाबल्यावर गोळा राहील पण पाणी सुटणार नाही इतकी ओली, २८-३० अंशांवर. जागा पसंत पडली नाही तर ती अंडी अडवून धरते. खाणं बंद आहे पण अंगात चपळाई आहे तोवर काळजी नाही. मलूल पडली, मागचे पाय ओढू लागली, डोळे खोल गेले, किंवा काही अंडी घालून मध्येच थांबली तर त्याच दिवशी क्ष-किरण काढायचा. सरपटणाऱ्या प्राण्यांचं ऑपरेशन करणारे डॉक्टर पुण्यात किंवा बेंगळुरूत गाठावे लागतात. फोन करून वेळ आत्ताच विचारून ठेवा. घातलेली अंडी लगेच काढून गोठवा.

आणि हे सगळं उरकून, अंडी घातल्यावर निदान सहा आठवडे खाऊन-पिऊन तिचं वजन भरल्याशिवाय तिला हलवू नका. म्हणजे नर आधी, मादी मार्चमध्ये.

दोघांच्याही प्रमाणपत्रासाठी करून घ्यायचं ते असं: वजन, नाकापासून गुदापर्यंतची लांबी, जबडा दाबून बघणं, शेणाची तपासणी, आणि रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, युरिक ॲसिड. फॉस्फरस कॅल्शियमच्या वर गेलं असेल तर मूत्रपिंडाची शंका घ्यावी लागते, आणि ते घेणाऱ्याला लपवून ठेवायचं नाही. शेणात सुतासारख्या कृमींची थोडी अंडी दिसली तर घाबरू नका, पाला खाणाऱ्यांत त्या असतातच.

चार वर्षांच्या मुलाबद्दल. इग्वानाच्या शेणात साल्मोनेला असतो, प्राणी ठणठणीत असला तरी. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं, केमो घेणारे यांच्या घरी मी इग्वाना सुचवत नाही. ते कुटुंब दुसऱ्या दृष्टीनं उत्तम असेल तर पिंजरा गच्चीवर किंवा वेगळ्या खोलीत, कुलूप लावून, त्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत कधीच धुवायची नाहीत, आणि हात साबणानं. एवढं होणार नसेल तर मूल मोठं होईपर्यंत त्यांनी थांबावं.

खाण्याचा कागदही द्या, कारण नव्या घरी पहिली चूक तिथंच होते: लोक उकडलेलं अंडं आणि चिकन देतात, "ताकद येईल" म्हणून. मांसाचं प्रथिन या प्राण्याची मूत्रपिंडं खाऊन टाकतं. रोजच्या ताटात मोठा वाटा पाल्याचा: शेवगा, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, चवळीचा पाला, आपल्याकडे मिळणारा रताळ्याचा पाला. त्यात किसलेला लाल भोपळा, घेवडा, दोडका. फळ, म्हणजे पपई किंवा अंजीर, दहावा हिस्सा पुरे. पालक आणि राजगिरा कधीतरी, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं; अळू नकोच. सुबाभूळ शेळ्यांना चालतं म्हणून इग्वानाला घालू नका, त्यातलं मिमोसिन विषारी आहे. द्राक्षबागेतली पानं फवारलेली असतात, तीही नकोत. वरून फॉस्फरस नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची पूड, मोठ्या प्राण्याला आठवड्यातून दोन-तीनदा चिमूटभर. अंड्यांवरच्या मादीला रोज.

ऊन_आणि_जाळी:

गोव्याच्या बागायतीबद्दल स्पष्ट सांगतो: अजिबात नाही. बेळगावच्या थंडीत सुटलेला इग्वाना पहिल्या हिवाळ्यात अन्न न पचून मरेल. घाटाखाली उलट होईल. तिथली हवा त्याच्या मूळ मध्य अमेरिकेसारखी उबदार आणि दमट, म्हणजे तो जगेल, आणि मादी दरवर्षी पन्नासभर अंडी घालेल. फ्लोरिडा, पोर्तो रिको, तैवान इथं सुटलेल्या पाळीव इग्वानांनी हेच केलं: बागा खाल्ल्या, कालव्यांचे बांध पोखरले. आपल्या तिळारी-चोर्ल्याच्या पट्ट्यात ते होऊ द्यायचं नाही. बागायतवाल्यांना हौसच असेल तर आठ बाय चारचा पिंजरा बांधू द्या आणि गोव्याच्या वनखात्याकडे रीतसर अर्ज करू द्या.

नेण्याबद्दल. आदल्या दिवसापासून जड खाणं नको. निघायच्या सकाळी ३० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं बसवा, पोट तिथंच मोकळं होतं आणि पाणीही पितो. प्रत्येकाला वेगळी सुती उशीची खोळ, तोंड बांधून, आणि ती खोळ तीन फूट लांब, दीड फूट रुंद, भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पेटीत, खाली टॉवेल. अंधारात शांत राहतो. पकडताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. शेपटी धरली तर ती तुटून हातात येते, मोठ्या वयात पूर्वीसारखी परत वाढत नाही. डिकीत नाही, मागच्या सीटवर, पट्टा लावून. गाडीत २६-२८ अंश, एसीचा झोत पेटीवर नको. कोल्हापूर दोन-अडीच तासांचं आहे, मध्ये उघडून बघू नका.

पोचल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही, बघायला पाहुणे नाहीत. आठ-दहा दिवस कमी खाल्लं तर चालतं. दर रविवारी वजन. दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर डॉक्टर. घरात दुसरा कुठलाही सरडा किंवा कासव असेल तर निदान दोन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांनी.

तुमच्याकडची बसायची फांदी, टब आणि चालू दिवे सोबत द्या, वास ओळखीचा राहतो. हस्तांतरपत्रात एक ओळ घाला की सांभाळणं जमलं नाही तर तिसऱ्याला देण्याआधी तुम्हाला कळवतील. आणि यूव्हीबी ट्यूबच्या टोकाला ती बसवल्याची तारीख मार्करनं लिहून द्या, नाहीतर नव्या घरी ती जळेपर्यंत तशीच राहते.